रोजची शाळा ११ किलोमीटरवर: डीपीएफवाली डिझेल घ्यावी की पेट्रोल?

तापीकाठचा गुरुजी, चोपडा

राम राम मंडळी. गाडी बदलायची आहे. बजेट दारात उभी होईपर्यंत साडेअकरा-बारा लाख. अडकलोय ते इंधनावर: डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली डिझेल घ्यावी की पेट्रोल. थोडं सविस्तर लिहितो, कारण "महिन्याला किती किलोमीटर?" एवढंच विचारून लोकांनी दिलेली उत्तरं मला आजवर कामाला आली नाहीत.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. २०१३ ला डिझेल स्विफ्ट घेतली तेव्हा नोकरी धडगाव तालुक्यात आणि घर चोपड्याला होतं. शनिवारी शाळा सुटली की घाट उतरायचा, शहादा, शिरपूर करत रात्री घरी, सोमवारी पहाटे चारला परत. त्या वेळी पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे वीस-पंचवीस रुपयांचा फरक होता आणि गाडी बावीसच्या खाली कधी आली नाही. त्या गाडीने माझा संसार सांभाळला असं मी म्हणतो. मुलगी तापाने फणफणली होती त्या रात्री धडगावहून निघून अडीच वाजता मी घरी पोचलो होतो, ते विसरणार नाही.

२०१९ ला आंतरजिल्हा बदली झाली. आता शाळा घरापासून ११ किलोमीटर. सकाळी ११, दुपारी ११. संध्याकाळी बँक, भाजी, दवाखाना, सगळं गावातल्या गावात. वडील शहात्तर वर्षांचे, गुडघ्यांमुळे मोटारसायकलवर बसवत नाही, म्हणून त्यांना मळ्यात सोडायचं, तेही चारच किलोमीटर. महिन्यातून एकदा जळगाव, दोन-तीन महिन्यांनी लेकीकडे पुण्याला. वर्षाचे मिळून नऊ हजार किलोमीटर.

माझे साडू एरंडोलला असतात. त्यांनी २०२१ ला डिझेल घेतली. त्यांचं दुकान घरापासून दीड किलोमीटरवर. चौदाव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. त्यांना वाटलं पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू. तीन आठवड्यांनी गाडीने दम टाकला, चाळीसच्या पुढे जाईना. ट्रकवर चढवून जळगावला न्यावी लागली. तिथे सांगितलं, डीपीएफ चोक झालाय, बदलायचा तर लाखाच्या वर जाईल, वॉरंटीत बसत नाही, कारण "तुम्ही गाडी बरोबर वापरली नाही". साडू दोन दिवस जेवले नाहीत. गाडी विकताना कोणीही त्यांना विचारलं नव्हतं की तुमचं दुकान किती लांब आहे. मला याचा अजून राग आहे.

वडिलांचं मत ठाम आहे. ट्रॅक्टर डिझेल, विहिरीवरचं जुनं इंजिन डिझेल, गाडीही डिझेलच. पेट्रोलचं नाव काढलं की म्हणतात, "हाई गाडी आपले काय कामनी?" मला त्यांना हो किंवा नाही म्हणायचं नाही, समजावून सांगायचं आहे. म्हणून आधी मला समजायला हवं. हा फिल्टर नेमका करतो काय, आणि माझ्यासारख्याच्या वापरात तो टिकतो का? आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, मग तरीही इंजिन "गरम होत नाही" असं सर्व्हिसवाले म्हणतात ते कसं? आणि दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात काढावी लागते हे खरं का?

सीएनजी नको. डिकीत वडिलांची घडीची व्हीलचेअर ठेवायची असते.

भुसावळचा मिस्तरी

गुरुजी, राम राम. सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतोय. मॅटाडोरच्या काळात हात काळे केले आणि आता लॅपटॉप लावून गाडी बघतो. तुमचा प्रश्न मला आवडला, कारण माणसं गाडी घेऊन झाल्यावर माझ्याकडे येतात. घेण्याआधी विचारणारे फार थोडे.

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाचा. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस करून वाढवता येते.

आता फिल्टर. तुमच्या मळ्यात ठिबक असेलच. विहिरीचं पाणी आधी सँड फिल्टरमधून जातं, गाळ तिथे अडतो, स्वच्छ पाणी लॅटरलला जातं. गाळ साठला की तुम्ही बॅकवॉश देता. दिला नाही तर इकडे प्रेशर वाढतं आणि तिकडे केळीला पाणी पोचत नाही. डीपीएफ तसाच. फरक एवढा की पाण्याच्या जागी धूर आहे, आणि गाळ काढायला बॅकवॉश नाही, आग आहे.

आत सिरॅमिकचं मधमाशीच्या पोळ्यासारखं ठोकळं असतं. हजारो बारीक नळ्या. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, तिच्या शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. धूर एका नळीत शिरतो, पुढे रस्ता नाही, म्हणून भिंतीच्या छिद्रांतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. काजळी भिंतीवर राहते. म्हणून बीएस-६ (२०२० पासूनच्या धुराच्या नियमाच्या) डिझेलच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं तर काळं होत नाही. जुन्या गाडीत घालून बघा.

ही साठलेली काजळी जाळावी लागते. दोन तऱ्हा आहेत. हायवेवर गाडी दमात चालली की सायलेन्सरचा धूर तीनशे-चारशे अंशांवर राहतो, आणि धुरातल्याच नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू आपोआप जळत जाते. ड्रायव्हरला कळतही नाही. ते पुरलं नाही तर फिल्टरच्या पुढचं आणि मागचं प्रेशर मोजणारा सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो की गाळ भरला. मग कॉम्प्युटर मुद्दाम जास्तीचं डिझेल उशिरा फवारतो, ते पुढे जळतं, फिल्टर ६०० अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जळून जाते. याला रिजनरेशन म्हणतात. पंधरा-वीस मिनिटं गाडी साठाच्या वर एकसारखी चालत राहिली तर काम फत्ते.

तुमच्या ४५ अंशांचं उत्तर यातच आहे. लागतात ६००. उन्हाळ्यात इंजिनचं पाणी दोन-चार मिनिटं लवकर तापेल, बस. डिझेल इंजिन मुळात काटकसरी, उष्णता कमी वाया घालवतं, म्हणूनच ते सावकाश तापतं. तुमचे ११ किलोमीटर म्हणजे गावातला रस्ता, गतिरोधक, ऊसाची ट्रॉली पुढे, अठरा-वीस मिनिटं. इंजिन तापेपर्यंत शाळेचं फाटक येतं. कॉम्प्युटरने रिजनरेशन सुरू केलं की तुम्ही चावी काढता. दुपारी परत तेच. ओल्या लाकडांची चूल पेटत आली की दर वेळी तिच्यावर पाणी ओतायचं, असं समजा.

उलट उन्हाळ्यात आपल्याकडची एक सवय घात करते. बांधावर, कापणीच्या ठिकाणी, लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून गाडी तासतासभर चालू ठेवतात. उभ्या गाडीत धूर थंड, काजळी मात्र येतच राहते. किलोमीटर शून्य आणि फिल्टर भरतोय.

आता जे कोणी सांगत नाही ते. रिजनरेशन अर्धवट राहिलं की उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल कमी होणं सगळ्यांना माहीत आहे, इथे ऑइल वाढतं. डिपस्टिक काढली तर खूण वरच्या रेघेच्याही वर, आणि वासाला डिझेल. पातळ झालेलं ऑइल टर्बो आणि बेअरिंग खातं. माझ्याकडे गेल्या पावसाळ्यात यावलकडची एक गाडी आली. मालक समाधानी होता की गाडी ऑइल पीत नाही. मी डिपस्टिक पुसून परत बुडवली, त्यांच्या नाकाला लावली. त्यांचा चेहरा उतरला. ३१ हजार किलोमीटर झालेली गाडी होती.

आणि राख. काजळी जळते, पण ऑइलमधल्या क्षारांची राख जळत नाही, ती आत साठतेच. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी२ किंवा सी३ लिहिलेलं. कंपनीचं पुस्तक सांगेल तेच. शेजारच्या दुकानात ट्रॅक्टरचं ऑइल स्वस्त मिळतं म्हणून ओतू नका.

साडूंच्या गाडीबद्दल: पिवळा दिवा लागला त्या दिवशी ते एरंडोलवरून धुळ्याच्या दिशेने पाऊण तास चौथ्या गिअरमध्ये गेले असते तर बहुतेक वाचले असते. त्यातही दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून जागेवर रिजनरेशन करता येतं, काही हजारांत. तीन आठवडे थांबल्यावर ते करणं धोक्याचं, इतकी काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक तडकतं. चूक त्यांची एकट्याची नाही. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं, पण चारशे पानांची इंग्रजी पुस्तिका कोण वाचतं? सांगणं विकणाऱ्याचं काम होतं.

हिशेब म्हणाल तर तुमच्या नऊ हजार किलोमीटरला पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज पंधरा धरलं तर ६०० लिटर, १०५ च्या भावाने ६३ हजार. डिझेल एकोणीस धरलं तर ४७५ लिटर, ९२ ने ४३-४४ हजार. वर्षाला वाचले एकोणीस हजार. डिझेल मॉडेलला लाख-दीड लाख जास्त, रोड टॅक्सही डिझेलला दोन टक्के वर. सात-आठ वर्षं नुसती भरपाई करण्यात जातील.

तरीही मी पेट्रोलच घ्या असं आज म्हणत नाही. एक वही करा. पंधरा दिवस दर वेळी चावी फिरवली की लिहा: कुठून कुठे, किती किलोमीटर, किती मिनिटं. महिन्याचे किलोमीटर विचारणारे चुकतात ते इथेच. इंजिन महिना मोजत नाही, चावी मोजतं. मग परत इथे लिहा.

फिरता माणूस, धुळे

मिस्तरी भाऊंचं सगळं पटलं. पण वाचून कोणाला वाटू नये की डीपीएफ म्हणजे घरात साप. मी बियाण्यांच्या कामाला आहे. धुळे, साक्री, नवापूर, कधी सुरतपर्यंत, कधी शिरपूरहून सेंधवा. महिन्याला २८०० किलोमीटर. २०२० ची डिझेल, आता एक लाख चाळीस हजारावर. डीपीएफचा दिवा आजवर एकदाच लागला, तोही लॉकडाऊनमध्ये, जेव्हा गाडी महिनाभर फक्त देवपूर ते पाचकंदील एवढीच फिरत होती. पास घेऊन साक्रीला जाऊन आलो, दिवा गेला.

माझ्या मार्गावर कोंडाईबारीचा घाट आहे. भरल्या गाडीने तो चढताना मला मनापासून बरं वाटतं, कारण माहीत आहे की आत्ता आतली काजळी जळतेय. पेट्रोलवर हाच प्रवास मी केला असता तर वर्षाला सत्तर-पंचाहत्तर हजार जास्त गेले असते, हिशेब करून बघितलाय. माझे वरचे दीड लाख दोन वर्षांत वसूल झाले.

गुरुजी, रिजनरेशन चालू आहे हे ओळखायला शिका, कोणतीही डिझेल घेतली तरी. माझ्या गाडीत वेगळा दिवा नाही. पण उभी असताना आरपीएम थोडा चढलेला दिसतो, त्या क्षणाचं ॲव्हरेज एकदम पडतं, आणि बंद केल्यावर पंखा जोरात फिरत राहतो, गरम लोखंडाचा वास येतो. असं दिसलं की मी घरासमोर येऊनही चावी काढत नाही, लळिंगपर्यंत जाऊन येतो. बायको आधी वैतागायची. आता तीच म्हणते, पंखा चालू आहे, जाऊन या.

काही डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, युरियाच्या पाण्याची. ते नायट्रोजन ऑक्साइडसाठी, काजळीशी संबंध नाही. संपली तर गाडी सुरू होत नाही, म्हणून डबा जवळ ठेवावा.

एक सभासद, पारोळा

एवढं कशाला डोकं लावता? डिझेल घ्या, वॉरंटी संपली की फिल्टर कापून आतलं काढून टाका, कॉम्प्युटरला प्रोग्राम मारून घ्या. पिकअप पण वाढतो. पीयूसी आरामात निघते.

भुसावळचा मिस्तरी

नाही. हे माझ्या गॅरेजमध्ये कोणी विचारलं तर मी गाडी परत पाठवतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेच्या विरुद्ध बदल करता येत नाही. अपघातात विमा कंपनीला कारण सापडतं. आणि पीयूसीत धुराचा दाटपणा मोजतात, बारीक कण मोजत नाहीत, म्हणून ती निघते. निघाली म्हणजे धूर स्वच्छ झाला असं नाही.

बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ ला साडेचार. त्यासाठी आधी देशभराचं डिझेल बदलावं लागलं. गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं, कारण गंधकवाल्या डिझेलवर ही यंत्रणा टिकत नाही. १ एप्रिल २०२० पासून आपल्या खेड्यातल्या पंपावरही तेच डिझेल आहे. एवढं सगळं करून बसवलेली वस्तू ग्राइंडरने कापायची?

मेहरूणची आई, जळगाव

मी गाड्यांमधली नाही. नवऱ्याने हा धागा वाचायला दिला, म्हणून लिहिते. मी दवाखान्यात लॅबमध्ये काम करते आणि माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला दमा आहे.

आमची शाळेची रिक्षा इच्छादेवी चौकातून जाते. हायवे शहराच्या मधून गेलेला आहे, तुम्हाला माहीतच आहे. सकाळी सिग्नलवर जुनी टेम्पो-गाडी पुढे असली आणि ती निघताना काळा भपका सोडून गेली, की त्या दिवशी दुपारी शाळेतून फोन येणार हे मला कळतं. पंप त्याच्या दप्तरात असतो, दुसरा त्याच्या बाईंकडे. हिवाळ्यात रात्री मी त्याच्या छातीवर हात ठेवून झोपते, श्वास मोजत.

डिझेलच्या काजळीचे कण केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक असतात. नाकात, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच डिझेलचा धूर कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवा मानकाबाहेर असलेल्या शहरांची यादी आहे, तिच्यात मुंबई-पुण्यासोबत आपलं जळगावही आहे.

पारोळ्याचे दादा, तुम्ही फिल्टर काढलात तर तुम्हाला पिकअप मिळेल. ते जे बाहेर जाईल ते कुठेतरी कोणाच्या लेकराच्या छातीत जाऊन बसेल. मी हात जोडून सांगते, हे करू नका आणि कोणाला सुचवू नका.

गुरुजी, तुमची गाडी तर रोज शाळेच्या फाटकाशी उभी राहणार आहे.

एक सभासद, पारोळा

ताई, माफ करा. मी लिहिताना एवढा विचार केला नव्हता. माझ्याही घरात लहान पोर आहे. मी फिल्टर काढलेला नाही, मित्राने काढला त्याचं ऐकून लिहिलं. त्याला हा धागा पाठवतो.

तापीकाठचा गुरुजी, चोपडा

मंडळी, अठरा दिवसांनी लिहितोय. वही पूर्ण केली. शाळेच्या हजेरीसारख्या रेघा आखून केली.

पंधरा दिवसांत चावी ५३ वेळा फिरवली. त्यातल्या ४८ वेळा प्रवास १२ किलोमीटरच्या आत. त्यातही १९ वेळा तीन किलोमीटरच्या आत: दूध, मेडिकल, पिठाची गिरणी. सलग अर्धा तास साठाच्या वर गाडी चालली असं फक्त दोनदा झालं, जळगावला जाताना आणि येताना. किलोमीटरची बेरीज ४१०. बेरीज बघितली तर कोणीही म्हणेल बरी चालते गाडी. ओळी बघितल्या तेव्हा मिस्तरींचं म्हणणं लख्ख दिसलं.

एक गोष्ट मला स्वतःला नव्याने कळली. मी स्वतःला अजून धडगावला जाणारा माणूस समजत होतो. सहा वर्षं झाली ती नोकरी सुटून, पण गाडीचा विचार करताना डोळ्यांसमोर तोच घाट यायचा. त्या रस्त्याला डिझेल बरोबर होती. हा रस्ता वेगळा आहे.

काल संध्याकाळी वडिलांना घेऊन मळ्यात गेलो आणि सँड फिल्टरपाशीच बसून सगळं सांगितलं, मिस्तरींच्याच शब्दांत. वडिलांनी बॅकवॉशचा व्हॉल्व्ह फिरवला, गढूळ पाणी बाहेर पडताना बघत राहिले. मग विचारलं, "आनि गाडीले हाई कोन देई?" मी म्हटलं, नेहमी हायवेला नेली तरच. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून तो होकार असतो.

तर पेट्रोल. आता एकच शंका. शोरूममध्ये दोन पेट्रोल इंजिनं दाखवली, एक साधं आणि एक टर्बो, थेट इंजेक्शनवालं. कुठेतरी वाचलं की पेट्रोललाही आता फिल्टर येतो. मग मी आगीतून फुफाट्यात तर पडत नाही ना? आणि वीस टक्के इथेनॉलचं काय?

भुसावळचा मिस्तरी

गुरुजी, वही बघून जीव सुखावला. माझ्या पोरांना दाखवली.

पेट्रोलची शंका रास्त आहे. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल सिलिंडरच्या आतच फवारतात, सगळं नीट मिसळायला वेळ मिळत नाही, म्हणून त्यातूनही बारीक कण निघतात. युरोपात २०१८ च्या आसपास अशा पुष्कळ गाड्यांना फिल्टर बसू लागले. पण तो डीपीएफइतका हट्टी नाही. पेट्रोलचा धूर मुळातच जास्त गरम, काजळी कमी, आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की फिल्टरमध्ये हवा जाऊन काजळी जळून जाते. तरी तुमच्या वापराला मी साधं इंजिन सांगेन, ज्यात पेट्रोल बाहेर, मॅनिफोल्डमध्येच फवारतात. त्याला तशा फिल्टरची गरजच नाही. पिकअप थोडा कमी. शाळेच्या रस्त्याला पुरेल, पुण्याला जाताना कन्नडच्या घाटात दुसरा गिअर टाकावा लागेल इतकंच.

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. पंधरा धरलं होतं, कधी चौदा येईल. नवीन गाडीचे पाइप, सील त्याला चालणारे असतात. गाडी महिनाभर उभी ठेवू नका, टाकी अर्ध्याच्या वर असू द्या.

पेट्रोललाही थंड इंजिनवर तीन किलोमीटर आवडत नाहीत बरं का. ते १९ वेळचे दूध-मेडिकल सायकलवर गेले तर उत्तम. आणि ऑइल किलोमीटर भरो न भरो, वर्षाला बदलाच.

तापीकाठचा गुरुजी, चोपडा

साधं इंजिन ठरवलं. गुरुवारी बुकिंग करतोय. दुधाला आणि गिरणीला सायकल, हे आजपासूनच सुरू केलं.

जुन्या स्विफ्टचं एक सांगायचं राहिलं. पुतण्याला रोज शिरपूरला कंपनीत जायचं असतं, तो मागतोय. त्याचा रस्ता डिझेलचाच आहे. पण मेहरूणच्या ताईंचं वाचल्यापासून ती चढावर सोडते तो काळा धूर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या गाडीला फिल्टर नाही आणि बसवताही येणार नाही. मिस्तरी, निदान धूर कमी होईल असं काही?

भुसावळचा मिस्तरी

होईल. चढावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, टर्बोचा फाटका होज, ईजीआरमधली (थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमधली) काजळी, आणि चार इंजेक्टर बेंचवर तपासून घेऊ. पुतण्याला रविवारी सकाळी आठला पाठवा, इंजिन थंड असताना. दिवसभर लागेल. दुपारचं जेवण आमच्याकडे, घरी कळण्याची भाकरी आणि भरीत असतं रविवारी.